तो अश्रू नाही, शेंबडाचा फुगा आहे!

इमोजींच्या अर्थांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात 😪 हा चेहरा 'दुःखाने डोळ्यांत पाणी' या गटात टाकलाय, तिथे अडखळलो. युनिकोड म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर अक्षरं आणि इमोजी सारख्याच ओळखल्या जाव्यात म्हणून ठरवलेली जागतिक यादी. याचं त्यातलं अधिकृत नाव 'स्लीपी फेस', म्हणजे पेंगुळलेला चेहरा. नीट झूम करून बघा, तो थेंब डोळ्यातून नाही, नाकाजवळून लोंबतोय. जपानी मांगा आणि अ‍ॅनिमेमध्ये, म्हणजे तिकडच्या चित्रकथा आणि कार्टूनमध्ये, गाढ झोपलेल्या माणसाच्या नाकातून फुगा आलेला दाखवतात. त्याला तिकडे 'हानाचोचिन' म्हणतात, शब्दशः नाकाचा कंदील. जपानी मोबाइल कंपन्यांच्या इमोजी २०१० साली युनिकोड ६.० मध्ये आल्या, त्यांच्यासोबत हा कंदीलही जगभर गेला, फक्त त्याचा अर्थ मागेच राहिला.

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली की आत्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'पुढे हेच चार-पाच फुगे लावते. मी एकदा सांगून पाहिलं. तर म्हणाली, "अरे, सगळ्यांना कळतं ना मी रडतेय ते? मग झालं!" यावर काय बोलणार? (रडायचंच असेल तर 😢 आहे, आणि त्याचा थेंब खरंच डोळ्यातून येतो.)

नाकातून वाफ सोडणाऱ्या 😤 ची तर आणखी गंमत. आपण तो रागाने धुमसताना वापरतो, आणि युनिकोडमध्ये त्याचं नाव विजयी मुद्रेचा चेहरा! त्यामुळे बायकोने तो पाठवला की मी युनिकोडचा अर्थ धरतो. आतापर्यंत दोनदा अंगाशी आलंय.