जीबी म्हणजे जीबी

पैसे माझे, कॉम्प्युटर माझा, आणि इंदूरच्या आरएनटी मार्गावरच्या त्या दुकानात दुकानदार बोलत होता प्रिंटरची शाई न्यायला आलेल्या काकांशी.

मला हवं होतं गेमचं चित्र पळवणारं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स 5060 टीआय, 16 जीबी मेमरीवालं. हेच कार्ड 8 जीबीतही येतं. नाव तेच, फरक खोक्यावरच्या एका आकड्याचा. दुकानदाराने अर्थातच 8चा खोका पुढे सरकवला. "भिया, सब येई ले जा रिये हैं." मी सांगू लागलो की नव्या गेममध्ये टेक्स्चर, म्हणजे चित्रातले बारकावे, वर नेलं की 8 जीबी भरतात आणि चित्र अडखळतं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "आपण मराठी ना? आडनाव?"

आडनाव सांगितलं. इंदुरात मराठी माणसाला आडनाव कळलं की तो लगेच तुमचा पालक होतो.

"किती म्हणालात, 16?" काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, खिशातून मोबाईल काढला. "माझ्या ह्यात 128 आहेत. मुलाने दिलाय."

"काका, ते फोटो साठवायचं स्टोरेज. ही कार्डाची कामाची मेमरी, वेगळी."

"जीबी म्हणजे जीबी," असं म्हणून त्यांनी दुकानदाराकडे पाहिलं. आणि तो, दिवसभर हेच विकणारा माणूस, त्याने चक्क मान डोलावली!

"ह्याला तीन पंखे कशाला?"

"तापतं ते, काका."

"मग गेम कमी खेळावा."

ह्याला उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

"लग्न झालंय? मग सूनबाई काय म्हणाल्या, 8 की 16?"

"बाबूजी, आप ही समझाओ इनको," दुकानदार म्हणाला. माझ्या कानशिलावरचे केस पांढरे झालेत हो!

काकांचं एक वेळ सोडा, कार्ड बनवणाऱ्या कंपनीचं बघा. ह्याच घराण्यातल्या 2021च्या 3060वर 12 जीबी होते, मेमरीचा रस्ता 192 बिट रुंद. 2023ची 4060 आली ती 8 जीबी आणि 128 बिट घेऊन. 2025च्या 5060वर पुन्हा 8च. वर्षं पुढे, मेमरी मागे, आणि गिऱ्हाईकाने नवा नंबर बघून हरखायचं. अमेरिकेत माझ्या कार्डाच्या 8 आणि 16वाल्या खोक्यांत बाजारात येताना फरक होता 50 डॉलरचा, 379 आणि 429. इथे वर 18 टक्के जीएसटी, त्यावर दुकानदाराचं "माल ही नहीं आ रिया". एवढं मोजून हातात काय, तर मधल्या फळीतलं कार्ड.

शेवटी 16वालं निघालं. होतंच ते, मागच्या फळीवर.

कार्डाबरोबर एक माउसपॅड फुकट होतं. दुकानदाराने ते काकांच्या पिशवीत शाईच्या बाटल्यांवर ठेवलं. "बाबूजी ने इत्ता टाइम दिया." काकांनी नको म्हटलं नाही. उलट जाताना मलाच म्हणाले, "8चं घेतलं असतं ना, तर वाचलेल्या पैशात तुम्हालाही एक आलं असतं."