‘पुढे कळवू’ म्हणतात आणि कधीच कळवत नाहीत

साईटवरची परांची डळमळते आहे, असे एखाद्या कामगाराने तोंड उघडून सांगितले की त्याच्यावर नेतेगिरी करणारा असा शिक्का बसतो आणि मग हातात कितीही कसब असले तरी एकामागून एक ठेकेदार त्याला तेच ऐकवतात, की सध्या जागा नाही, पुढे कळवू. हे ‘पुढे कळवू’ ऐकले की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सांगणाऱ्याला काहीही कळवायचे नसते आणि ऐकणाऱ्याला आपला गुन्हा कोणता, हे कळायची वाटच ठेवलेली नसते.

हा कुणाच्या मनाचा खेळ आहे असे म्हणणाऱ्यांनी ब्रिटनमधला प्रकार पाहावा. फेब्रुवारी २००९ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ड्रॉइटविच गावातल्या ‘कन्सल्टिंग असोसिएशन’ या संस्थेवर छापा घातला, तेव्हा ३,२१३ माणसांची काळी यादी हाती लागली. कोण युनियनचा सभासद आहे, कुणी सुरक्षेची तक्रार केली, कुणाची राजकीय मते काय आहेत, हे सारे त्या माणसांच्या पाठीमागे टिपून ठेवलेले होते. चाळीसहून अधिक बांधकाम कंपन्या वर्गणी भरून ही यादी वापरत होत्या आणि एक नाव तपासून घ्यायला २ पौंड २० पेन्स देत होत्या. एका घराची चूल विझवायला एवढी चिल्लर पुरत होती!

बांधकामात हा घाव इतका खोल का जातो, हेही समजून घेतले पाहिजे. इथले काम मुळात इमारत उभी राहीपर्यंतचे असते, त्यामुळे कामगाराला दर काही महिन्यांनी नव्या दारात उभे राहावे लागते आणि त्या प्रत्येक दारामागे तीच यादी असू शकते. कामावरून काढले असते तर निदान भांडता तरी आले असते. इथे त्याला कुणी काढतच नाही, फक्त घेत नाही. वर्षानुवर्षे असे झाले की तो माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागतो, आपलेच काम कच्चे आहे की काय असे त्याला वाटू लागते आणि घरचेही कधीतरी तेच विचारतात. मला सर्वांत जास्त चीड याचीच येते.

आणि शिक्षा काय झाली? यादी सांभाळणाऱ्या माणसाला ५,००० पौंड दंड झाला, तोही माहिती संरक्षण कायद्याखाली नोंदणी केली नाही म्हणून, आणि हा दंडसुद्धा एका सदस्य कंपनीनेच भरला, असे त्याने २०१२ मध्ये संसदीय समितीसमोर सांगितले. आठ बड्या कंपन्यांनी न्यायालयात माफी मागितली ती मे २०१६ मध्ये, म्हणजे छाप्यानंतर सात वर्षांनी. पुढे २०१८ मध्ये लंडनच्या पोलिसांनी मान्य केले, की त्यांच्या विशेष शाखेकडूनही काळ्या यादीवाल्यांपर्यंत माहिती गेली होती. ज्यांच्याकडे फिर्याद घेऊन जायचे, तेच चुगली करत होते.

मालकाला हवा तो माणूस निवडण्याचा हक्क आहे, हे पालुपद आता पुरे झाले. काम येत नसेल तर जरूर नाकारा आणि तसे तोंडावर सांगा. पण संघटनेचा सभासद आहे म्हणून कुणाचे नुकसान करता येणार नाही, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या ९८ व्या करारातच लिहिलेले आहे. ब्रिटनने २०१० मध्ये अशा याद्यांवर बंदी घालणारे नियम केले खरे, पण यादी करणे हा फौजदारी गुन्हा ठरवला नाही. दाद मागायची ती ज्याचे काम गेले त्यानेच, स्वतःच्या पदरचा वेळ घालवून. दोन कार्यालयांमध्ये फोनवर झालेले बोलणे त्या माणसाने न्यायाधिकरणापुढे आणायचे तरी कुठून?