इंडियानात ट्रक चालवून वर्षाला लाख डॉलर?

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज असा: ‘अमेरिकेत इंडियाना राज्यात ट्रक ड्रायव्हर मिळेनात. आपलं हेवी लायसन्स चालतं, कंपनी व्हिसा काढते, वर्षाला १ लाख डॉलर सहज.’ खाली एजंटचा नंबर.

आधी व्हिसा, कारण बाकी सगळं त्यावर लटकलंय. ट्रक ड्रायव्हरसाठी वेगळा व्हिसा अमेरिकेत नाहीच. एच-१बी पदवी लागणाऱ्या कामांसाठी असतो. ईबी-३ची, म्हणजे नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मिळवायची वाट आहे, पण तिथली भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब. त्यात ऑगस्ट २०२५मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने ट्रक ड्रायव्हरांना कामाचे व्हिसा देणं थांबवल्याचं जाहीर केलं. मग एजंट पैसे नेमके कशाचे घेतो?

‘आपलं लायसन्स चालतं.’ नाही चालत. परदेशी व्यावसायिक लायसन्स फक्त कॅनडा आणि मेक्सिकोचं मानतात. इंग्रजीही यायलाच हवं. २५ जून २०२५पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी जमलं नाही, तर ड्रायव्हरला तिथंच गाडीवरून उतरवतात.

‘१ लाख सहज.’ हिशोब मांडू. पगार बहुतेक मैलावर असतो. मैलाला ५० सेंट धरले आणि वर्षाचे ५० आठवडे, तर लाखासाठी आठवड्याला ४,००० मैल हवेत. नियमाने १४ तासांच्या पाळीत ११ तासच गाडी चालवता येते आणि ८ दिवसांत काम ७० तासांचं. ताशी ५५ मैलांची सरासरी धरून सगळे ७० तास स्टिअरिंगवर काढले, तरी ३,८५०च होतात. प्रत्यक्षात गोदामाच्या दारात तासन्‌तास थांबावं लागतं, ते तास ७०मधून कापले जातात आणि त्यांचे पैसे बऱ्याचदा मिळत नाहीत. सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४मध्ये जड ट्रक ड्रायव्हरचं मध्यम वेतन वर्षाला ५७,४४० डॉलर होतं. लाख कमावणारे आहेत, पण नवखे नव्हेत.

राहिली टंचाई. इंडियानात माल भरपूर आहे, हे खरंच. आय-६५, आय-६९, आय-७० हे महामार्ग इंडियानापोलिसला भेटतात. प्रिन्स्टनला टोयोटा, लाफायेटला सुबारू, आणि पुणेकरांना ओळखीच्या कमिन्सचं मुख्यालय कोलंबसला. पण सीट रिकामी राहते ती माणसं सोडून जातात म्हणून. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत ही गळती कित्येक वर्षं वर्षाला ९० टक्क्यांच्या आसपास राहिलीय. आणि कंपनी बुडाली की हीच सीट जाते: इंडियानापोलिसची सेलाडॉन ही ट्रक कंपनी डिसेंबर २०१९मध्ये बुडाली, तेव्हा डिझेलची कार्डं बंद पडून ड्रायव्हर वाटेतच अडकले.

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांच्यासाठी रस्ता सरळ आहे. वैद्यकीय कार्ड, लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण आणि परवान्यानंतर किमान १४ दिवसांनी चाचणी. ऑटोमॅटिक ट्रकवर चाचणी दिली तर परवानाही तेवढ्यापुरताच, गिअरची गाडी चालवता येत नाही. अनेक जण अडतात ते एअर ब्रेकच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकच्या तपासणीत. इंजिन बंद, ब्रेक दाबून धरायचा, ट्रेलर जोडलेला असताना मिनिटाला ४ पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचं एकक) जास्त हवा गळता कामा नये. मग पेडल मारत हवा उतरवायची. ६०च्या सुमाराला इशारा वाजायला हवा, २० ते ४५च्या दरम्यान स्प्रिंग ब्रेकची (हवा गेली की स्प्रिंगने आपोआप लागणारे ब्रेक) बटणं आपोआप बाहेर यायला हवीत. यातली एक पायरी विसरली, की चाचणी तिथंच संपते, ट्रक जागचा हललेलाही नसतो.