हत्यार लागलं की गाठ पसरते?

"लेकराच्या तोंडात गाठ म्हणजे कॅन्सर. तुकडा काढू देऊ नका, हत्यार लागलं की पसरते. केसानं घट्ट बांधा, गळून पडेल." जालना-परभणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय.

आधी कॅन्सरचं बघू. लहान मुलांच्या तोंडातल्या बहुतेक गाठी साध्या असतात. खालच्या ओठाच्या आतला निळसर, मऊ, फुटून पुन्हा भरणारा फुगा म्हणजे बहुधा म्युकोसील. ओठ चावला जातो, लाळेच्या बारीक ग्रंथीची नळी फाटते, लाळ आतच साठते. नुसता फोडला तर परत येतो; ग्रंथीसकट काढावा लागतो. तान्ह्या बाळाच्या वरच्या हिरडीवर जन्मतःच लोंबणारा गुलाबी गोळा दिसला की घरात अपशकुनाची कुजबुज सुरू होते. ती जन्मजात एप्युलिस, दुर्मीळ पण निरुपद्रवी. जर्मन डॉक्टर नॉयमन यांनी १८७१ मध्ये तिचं वर्णन केलं. मुलींमध्ये ती कितीतरी जास्त आढळते (म्हणजे बाळंतिणीला टोमणे दुप्पट). छोटी असेल तर आकसते, दूध ओढता येत नसेल तर काढतात.

आता हत्याराचं, कारण खरं नुकसान या ओळीनं होतं. तुकडा काढल्यानं साधी गाठ पसरत नाही, कॅन्सरचीही होत नाही. छोटी गाठ बहुतेकदा अख्खीच काढतात आणि तीच तपासायला पाठवतात. नुसत्या डोळ्यांनी नाव ठरत नाही, आणि उपचार नावावर ठरतो. वर्षाच्या आतल्या बाळाच्या वरच्या जबड्यात पुढे काळपट गाठ येऊन काही आठवड्यांत भराभर वाढली, तर ती मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर असू शकते. बहुधा साधीच, पण अर्धवट काढली तर परत येते. तिथं वाट बघणं महागात पडतं.

मेसेजची बाजू घ्यायचीच तर एवढी: रक्तवाहिन्यांची गाठ सरळ कापायला घेत नाहीत. आधी सोनोग्राफी करतात. तान्ह्या बाळाच्या हिमँजिओमाला (हीही रक्तवाहिन्यांचीच गाठ) गरज असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रोप्रॅनोलॉल हे औषध देतात. अशा गाठीला केस बांधला तर रक्त थांबवताना तारांबळ उडेल. कुणी चुना-तुरटी लावायला सांगितलं, तर त्यानं तोंड भाजतं, गाठ जात नाही.

अंगणवाडीत, शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना गाठ दाखवा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. गाठ कुठंही काढली तरी विचारा: तुकडा पॅथॉलॉजीला पाठवला का, रिपोर्ट कधी मिळेल?