प्रवाळांना चुना लावण्याचे स्वस्त उपाय

न्यू जर्सीत घर घेतलंत, बेसमेंट रिकामं दिसलं आणि तुम्ही तिथे पाऊणशे गॅलनची समुद्री टाकी मांडलीत, त्याबद्दल आधी अभिनंदन. टाकी, निळे दिवे, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर, पाणी गाळायचं यंत्र आणि ॲक्रोपोरा नावाच्या प्रवाळाचा नखाएवढा तुकडा घेताना तुम्ही हात आखडला नाहीत, हेही योग्यच. काटकसर कुठे करायची हे माणसाला कळलं पाहिजे. ती करायची प्रवाळं ज्यातून सांगाडा बांधतात त्या कॅल्शियममध्ये, म्हणजे या सगळ्या पसाऱ्यातल्या सर्वांत स्वस्त वस्तूत.

पहिली बचत टेस्ट किटची. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग, असतं. टाकीत ३८० ते ४५० च्या मध्ये कुठेही राहिलं तरी प्रवाळं कुरकुर करत नाहीत. पण ते मोजायचं म्हणजे नळीत थेंब थेंब टाकत बसायचं, गुलाबी पाणी निळं होईपर्यंत. आणि गुलाबी नक्की कुठे संपलं यावरून घरात दोन पक्ष पडतात. त्यापेक्षा पाण्याकडे बघा. स्वच्छ दिसतंय ना? झालं तर. (३०० लासुद्धा ते तितकंच स्वच्छ दिसतं, पण न मोजणाऱ्याला त्याचं काय!) क्षारता, म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, तर मुळीच तपासू नका. प्रवाळ सांगाडा बांधतं तेव्हा दर २० पीपीएम कॅल्शियममागे २.८ डीकेएच (हे क्षारता मोजायचं एकक) क्षारता खातं. म्हणजे कॅल्शियम ४२० वरून जेमतेम ४०० वर येतं, तेवढ्यात क्षारता ८ वरून ५ वर घसरलेली असते. असली माहिती झोप उडवते.

आता पुरवठ्याचं बघू. आई सहा महिन्यांसाठी आलेली असेल तर सल्ला घरातच आहे. "अरे, अंड्याची टरफलं टाक की, आपल्या गुलाबाला नाही का घालत!" जरूर टाका. टाकीच्या ८.२ पीएचला ती विरघळत नाहीत, त्यामुळे पुढची तीन वर्षं नवीन टाकावीच लागणार नाहीत. याहून मोठी बचत कोणती? आईच्याच गुडघ्यांच्या गोळ्याही चालतील. त्यातही बहुधा टरफलातलंच कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्याही तशाच तळाशी बसून राहतील; वर ड जीवनसत्त्व मिळेल, बेसमेंटमध्ये नाहीतरी ऊन येत नाही.

खरी मजा चुन्यात आहे. या छंदातले लोक 'काल्कवासर' असा शब्द अशा काही आदराने उच्चारतात की वाटावं, जर्मनीहून गुप्तपणे काहीतरी येतंय. ती चुन्याची निवळी आहे हो! शाळेत प्रयोगशाळेत नळीने फुंकर मारून आपण जी दुधाळ केली होती, तीच. लिटरभर पाण्यात पावणेदोन ग्रॅमच्या आतच चुना विरघळतो, बाकीचा खाली बसतो. पीएच बाराच्या वर जातो. आणि एकाच घोटात कॅल्शियम आणि क्षारता दोन्ही, प्रवाळाला हव्या त्याच प्रमाणात. इथल्या किराणा दुकानात काकडीच्या लोणच्यासाठी जो चुना मिळतो, त्यावर कित्येकांच्या टाक्या वर्षानुवर्षं चालल्या आहेत. इतकं सोपं आणि स्वस्त असल्यामुळे साहजिकच त्यावर विश्वास ठेवू नका. इंडियन ग्रोसरीतून पानाचा चुना आणा, डबीतला, ओला. सुगंधी मिळाला तर उत्तम.

निवळी उघड्या बादलीत ठेवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून तिच्यावर छान साय धरते. मेहनत न करता तुमचा चुना परत चुनखडी होतो. शिस्तीची माणसं वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी ती थेंब थेंब सोडतात, तीही रात्री, कारण दिवे विझले की टाकीचा पीएच उतरतो आणि निवळी तो सावरते. तुम्हाला सकाळी गाडी पकडायची असते. एक मोठा मग भरून ओता, तळाच्या गाळासकट. मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले तर ती कृतज्ञता समजावी.

हिवाळ्यात आणखी सोय होते. ड्राइव्हवेवरचा बर्फ वितळवायच्या काही गोण्या म्हणजे कॅल्शियम क्लोराइडच. आपल्या २८० लिटर पाण्यात कॅल्शियम २० पीपीएमने वाढवायला ते वीसेक ग्रॅम पुरतं. जोडीला क्षारतेसाठी तेवढाच, किंवा थोडा जास्त, खायचा सोडा. पीएचही वर हवा असेल तर तो सोडा आधी ३०० फॅरनहाइटला तासभर ओव्हनमध्ये भाजायचा. सगळा खर्च काही सेंट. पण गोणीवरचं लेबल वाचत थंडीत उभं कोण राहणार? समोर असेल ती उचला. एखादीत साधं मीठ निघेल, एखादीत युरिया. युरिया निघाला तर शेवाळाचाही प्रश्न मिटला, हवं तेवढं येईल.

शेवटी, कॅल्शियम आणि सोडा दोन्ही एकाच वेळी, एकाच कोपऱ्यात ओता. मॅग्नेशियम १३०० च्या आसपास असेल तर पुढचा देखावा सहजी घडत नाही, म्हणून तेही मोजलेलं नसावं. पाणी दुधाळ होईल, मग टाकीत भुरभुर बर्फ पडेल. बाहेर ड्राइव्हवेवर तुम्ही तोच वितळवत होतात.

दुसऱ्या दिवशी पंप घरघर करून थांबेल. तो व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि बुडबुडे बघत बसा. कॅल्शियम कुठे गेलं म्हणून कोणी विचारलं तर बिनधास्त सांगा, एक ग्रॅमही वाया गेलेलं नाही: थोडं पंपात आहे, थोडं हीटरवर आणि बाकीचं काचेला.