मावशी, देहदानाचा फॉर्म फाडू नको

अमळनेरच्या मावशीचा परवा फोन. "भाऊ, तो फारम फाडी टाकू का? मना देह आते काय कामना?" चार वर्षांपूर्वी घरच्यांचा विरोध पत्करून तिनं देहदानाचा फॉर्म भरला होता. आता भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: डॉक्टर थ्रीडी पडद्यावर शिकतात, मृतदेहाला हात लावायची गरज नाही, फॉर्मलिनमधला (देह टिकवायच्या रसायनातला) देह दगडासारखा असतो, नंतर हाडं विकतात, आणि हे सगळं आपल्या शास्त्राला मान्य नाही. खाली 'सर्वांना पाठवा'.

शास्त्राचं आधी. सुश्रुतसंहिता, शारीरस्थान, पाचवा अध्याय उघडून बघा. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचं, मग वाळा (खस गवत), केस, बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत कातडीपासून एकेक थर पाहायचा. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात कापायचा सराव कोहळ्या-काकडीवर, शीर टोचायचा मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. कितीही शिकलेला असला तरी हाताचा सराव नसलेला कामाला अयोग्य, हेही तिथेच लिहिलंय. शास्त्राचं नाव घेणाऱ्यानं एवढं तरी वाचावं.

डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त राग आला तो 'पडद्यावर सगळं कळतं' या वाक्याचा. पडद्यावर धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा. देहात तिन्ही मळकट, आणि जांघेत तर एकमेकींना खेटून. मी त्या ओळखायला शिकलो ते चिमटीत धरून: धमनी जाड, दाबली तरी परत गोल होते. शीर चपटी पडते. मज्जातंतू भरीव, दोरीसारखा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना केळीच्या बागेतला मजूर जुलाबानं पार सुकून येतो, हातावर एक शीर दिसत नाही. तेव्हा मी नजर बाजूला ठेवून कोपराच्या खळगीत बोट फिरवतो. बोटाखाली काहीतरी मऊ उसळतं, सुई तिथे. बोटाची जाण असतेच तेवढी बारीक: पाठीवर दोन टोचे वेगळे कळायला त्यांच्यात चारेक सेंटिमीटर अंतर लागतं, बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटर पुरतात. जिनिंगवरचा व्यापारीसुद्धा कापूस चिमटीत ओढून धागा बघतो, फोटोवर भाव देत नाही.

फॉर्मलिननं देह कडक होतो, रंग जातो, हे मान्य. मेंदूतल्या पोकळ्या मलाही पडद्यावरच नीट उमगल्या, तेही मान्य. पण पडद्यावरचा माणूस कायम एकच असतो. खऱ्या देहांत एखाद्याची सायटिक नस, म्हणजे पायात उतरणारा जाड मज्जातंतू, कुल्ह्यातच दोन फाटे होऊन निघते, आणि इंजेक्शन आपण कुल्ह्यातच देतो.

हाडांचा धंदा एके काळी होता, खोटं नाही. सांगाड्यांची निर्यात १९८५ मध्ये बंद झाली. तुझा फॉर्म तर देह शिकण्यासाठी देण्याच्या १९४९ च्या राज्य कायद्याखालचा आहे.

तर मावशी, फॉर्म कपाटात राहू दे. मुलांना मात्र आत्ताच सांग, कारण त्या वेळी कॉलेजला फोन त्यांनाच करायचाय, तोही काही तासांत. देह कॉलेजला देण्याआधी डोळेही दान करता येतात. कॉलेजचा नंबर फॉर्मच्या मागे मीच लिहून देतो, रविवारी येतोय.