चार रिमोट कशाला? बॉक्सच्याच रिमोटला चार बटणं शिकवा

हॉलमधल्या टीपॉयवर आज सहज चार रिमोट सापडतात. टीव्हीचा, सेट टॉप बॉक्सचा, साउंडबारचा आणि टीव्हीला खोचून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या स्टिकचा. संध्याकाळची मालिका लावायची तर आधी कुठला हातात घ्यायचा, आवाज कशाने वाढवायचा आणि 'नो सिग्नल' आलं की काय दाबायचं, हे घरातल्या एकदोघांनाच ठाऊक असतं. ते कामावर गेले की आजी-आजोबा निळ्या पडद्यासमोर बसून राहतात. स्वतःच्या घरात टीव्ही लावायला माणसाला दुसऱ्याची वाट बघावी लागते, हे मला चुकीचं वाटतं. त्यावरचा उपाय बहुतेक घरांत आधीपासूनच आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

युनिव्हर्सल रिमोट विकत घ्यायची घाई करू नका. आधी डीटीएचच्या किंवा केबलच्या बॉक्सबरोबर आलेला रिमोट नीट पाहा. बहुतेकांवर चौकटीत किंवा वेगळ्या रंगात तीन-चार बटणं वेगळी दिलेली असतात: टीव्हीचं पॉवर, आवाज कमी-जास्त आणि सोर्स किंवा एव्ही. ही बटणं कोरी असतात. टीव्हीच्या मूळ रिमोटकडून त्यांना सिग्नल शिकवायचा असतो. बॉक्स बसवायला आलेला माणूस हे न करताच निघून जातो आणि आपणही विचारत नाही. विचारा. पाच मिनिटांचं काम आहे, ते त्याच्याकडून करून घेऊनच त्याला चहा द्या.

शिकवण्याआधी एक तपासणी करा. कुठलं उपकरण इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालतं आणि कुठलं ब्लूटूथवर, हे कळायला हवं. मोबाइलचा पुढचा, म्हणजे सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडे धरा आणि बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर ते बटण इन्फ्रारेड सोडतंय. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याच फोनमध्ये इन्फ्रारेड अडवणारी काच असते, म्हणून पुढचाच वापरा. फायर टीव्ही स्टिकच्या रिमोटवर ही गंमत छान दिसते. बाण आणि होम दाबलं तर काही दिसत नाही, कारण ते स्टिकशी ब्लूटूथने बोलतात. आवाजाचं बटण दाबलं तर ठिपका दिसतो, कारण तो सिग्नल थेट टीव्हीला किंवा साउंडबारला जातो. याचा अर्थ असा की बाजारातला कुठलाही साधा इन्फ्रारेड युनिव्हर्सल रिमोट आणलात तरी ती स्टिक त्याला ऐकणार नाही. दुकानदार 'सगळ्याला चालतो' म्हणाला तरी नाही.

आता शिकवण्याकडे. दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घाला. चार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे, आणि शिकवताना सिग्नल भरभक्कम असलेला बरा. दोन्ही रिमोट टेबलावर सपाट ठेवा, तोंडाला तोंड लावून, मध्ये दोन-तीन बोटांचं अंतर. हातात धरून करू नका, हात हलतो. बॉक्सच्या रिमोटवरचं सेटचं किंवा टीव्ही पॉवरचं बटण लाल दिवा स्थिर होईपर्यंत दाबून ठेवा, साधारण तीन ते पाच सेकंद. मग जे बटण शिकवायचं ते एकदा दाबा, दिवा लुकलुकायला लागेल. आता टीव्हीच्या मूळ रिमोटवरचं तेच बटण दाबा. दिवा दोन-तीनदा लुकलुकून पुन्हा स्थिर झाला की ते बटण शिकलं. पुढचं घ्या. सगळं झालं की सेट पुन्हा दाबून बाहेर पडा. कंपनीगणिक बटणांचा क्रम थोडा बदलतो, तो बॉक्सच्या पुस्तिकेत असतो, पण पद्धत हीच. मध्ये पंधरा-वीस सेकंद काही केलं नाही तर रिमोट आपोआप बाहेर पडतो, म्हणून आधी सगळं वाचून घ्या आणि मग सुरू करा.

शिकत नसेल तर कारणं ठरलेली असतात. पहिलं कारण प्रकाश. जुने सीएफएल आणि काही स्वस्त एलईडी दिवे इतक्या वेगाने लुकलुकतात की त्यांची लय रिमोटच्या सिग्नलजवळ जाते. बहुतेक रिमोट सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा चमकणारा प्रकाश वापरतात आणि सीएफएलमधलं सर्किट साधारण त्याच पट्ट्यात चालतं. थेट ऊनही त्रास देतं. खिडकीचा पडदा ओढा, ट्यूब बंद करा, पुन्हा प्रयत्न करा. दुसरं कारण अंतर. फार जवळ चिकटवलं तरी शिकणारा भाग भांबावतो. तिसरं कारण म्हणजे मूळ बटण दाबून धरणं. बऱ्याच टीव्हींच्या रिमोटमध्ये एनईसी नावाची पद्धत असते. तिच्यात पूर्ण आज्ञा एकदाच जाते आणि बटण दाबून ठेवलं तर त्यानंतर दर १०८ मिलिसेकंदाला 'तेच पुन्हा' एवढाच छोटा इशारा जात राहतो. शिकणाऱ्याने आज्ञेऐवजी तो इशारा उचलला की बटण शिकल्यासारखं दिसतं, पण काम करत नाही. म्हणून आधी हलकेच एकदा टिचकी मारा. काही रिमोटना मात्र सेकंदभर दाबलेलं हवं असतं. टिचकीने जमलं नाही तरच तसं करा.

एक बिघाड असा आहे की तो भल्याभल्यांना चकवतो. शिकवलेलं बटण पहिल्यांदा चालतं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं तर चालत नाही, दुसरं एखादं बटण दाबून परत आलात की पुन्हा चालतं. रिमोट खराब नसतो. फिलिप्सच्या आरसी-५ पद्धतीत प्रत्येक दाबण्यागणिक एक खूण उलटी होते, म्हणजे बटण नव्याने दाबलं की दाबूनच धरलंय हे टीव्हीला ओळखता येतं. शिकलेला रिमोट मात्र तीच गोठलेली खूण दर वेळी पाठवतो, आणि टीव्हीला वाटतं की तुम्ही अजून बोट उचललेलंच नाही. अशा यंत्रासाठी शिकवण्याची वाट सोडा आणि कोड टाकायचा रिमोट घ्या, म्हणजे ज्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या टीव्हींचे सिग्नल आधीच भरलेले असतात आणि आपण फक्त आपल्या टीव्हीचा कोड निवडायचा असतो. कोडच्या यादीतला रिमोट ती खूण स्वतः बदलतो.

कोड टाकायचे रिमोट मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि आता कुठल्याही तालुक्याच्या बाजारात मिळतात. त्यात आपोआप शोधायची सोय असते. पॉवर दाबून धरायचं, रिमोट एकामागून एक कोड सोडत जातो, टीव्ही बंद झाला की बोट उचलायचं. इथे लोक हमखास चुकतात. टीव्ही बंद झालेला पाहून बोट उचलेपर्यंत रिमोट एक-दोन कोड पुढे गेलेला असतो. आणि पॉवर चालला म्हणजे कोड बरोबर असंही नाही. एकाच कंपनीच्या दोन-तीन कोडमध्ये पॉवर सारखा आणि मेनू वेगळा असतो. म्हणून आवाज, म्यूट, सोर्स आणि बाण ही चारही तपासल्याशिवाय 'झालं' म्हणू नका. बरोबर कोड सापडला की तो कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सेलच्या झाकणाच्या आतून चिकटवा. काही स्वस्त रिमोट सेल काढले की सगळं विसरतात, तेव्हा ही चिठ्ठी तुम्हाला वाचवेल.

साउंडबारसाठी मात्र रिमोट शिकवायची गरजच पडू नये. एचडीएमआयमध्ये सीईसी नावाची सोय असते. जोडलेली उपकरणं एकमेकांना चालू-बंद आणि आवाजाच्या आज्ञा त्याच केबलमधून देतात. सॅमसंग तिला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. नावं वेगळी, काम एकच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करा. साउंडबारची केबल टीव्हीच्या ज्या एचडीएमआय तोंडावर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय त्यातच लावा. ते बहुधा एकच असतं आणि लोक शेजारच्यात लावून साउंडबारला दोष देतात. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही स्पीकर' ऐवजी बाहेरचा स्पीकर निवडा. हे जमलं की टीव्हीसाठी पाठवलेला आवाजाचा सिग्नल टीव्ही स्वतः साउंडबारला पोचवतो. म्हणजे बॉक्सच्या रिमोटवर शिकवलेली तीच दोन बटणं साउंडबारचा आवाजही बदलतात. ऑप्टिकल केबलने जोडलेल्या साउंडबारला हे जमत नाही, त्या केबलमधून फक्त आवाज जातो, आज्ञा नाही. केबल बदलणं हा इथला सगळ्यात मोठा फायद्याचा खर्च आहे.

आणि साउंडबार टीव्हीच्या पायाशी उभा करताना बघा. टीव्हीचा सिग्नल ओळखणारा डोळा बहुधा खालच्या कडेला, मधोमध किंवा उजव्या कोपऱ्यात असतो. साउंडबार दोन बोटं उंच असला की तो डोळा झाकला जातो आणि मग 'रिमोट कधी चालतो, कधी नाही' ही तक्रार सुरू होते. शिकवलेलं सगळं बरोबर असतं, फक्त साउंडबार थोडा मागे-पुढे सरकवायचा असतो.

पॉवरच्या बटणाबद्दल माझं मत ठाम आहे. टीव्ही, बॉक्स आणि साउंडबार या तिन्हींचं पॉवर एकाच बटणावर आणायचा मोह टाळा. बहुतेक यंत्रांना 'चालू हो' आणि 'बंद हो' अशा दोन वेगळ्या आज्ञा रिमोटवरून देताच येत नाहीत. एकच आज्ञा असते: आहे त्याच्या उलट कर. एखादं यंत्र सिग्नल चुकलं की तिथून सगळं उलटं चालतं, टीव्ही चालू होतो तेव्हा साउंडबार बंद होतो. लॉजिटेकचे हार्मनी रिमोट कुठलं यंत्र चालू आहे याची नोंद ठेवून हा घोळ आवरायचे, पण २०२१ मध्ये कंपनीने ते बनवणं थांबवलं. साध्या घरासाठी सरळ मार्ग असा: फक्त टीव्हीचं पॉवर शिकवा, साउंडबार सीईसीवर सोडा, बॉक्सचं पॉवर त्याच्याच बटणावर राहू द्या. आणि स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका. टीव्ही बंद केला की बहुतेक वेळा ती स्टिकही मरते आणि पुढच्या वेळी सुरू व्हायला मिनिटभर घेते. शिवाय साध्या यूएसबी २.० तोंडातून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो, तो तिला पुरत नाही. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा.

एसीचा रिमोट या सगळ्यापासून लांब ठेवा. टीव्हीचा रिमोट 'आवाज एक वाढव' एवढंच सांगतो. एसीचा रिमोट दर वेळी पूर्ण स्थिती पाठवतो: मोड, तापमान, पंख्याचा वेग, सगळं एकदम. म्हणून शिकवलेल्या बटणावर '२४ अंश, कूल' अशी एक पूर्ण स्थिती बसते, 'एक अंश कमी' बसत नाही. शिवाय तो सिग्नल इतका लांब असतो की बॉक्सच्या रिमोटच्या स्मृतीत अनेकदा मावतही नाही. त्यासाठी वायफायवर चालणारे छोटे डबे मिळतात. ते घेतलेत तर लक्षात ठेवा की त्यातले बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला जोडले जातात. फोन राउटरच्या ५ गिगाहर्ट्झला जोडून बसला असेल तर सेटअप अडकू शकतो. आणि ते फोनवरून चालतात. ज्या माणसासाठी आपण हे सगळं करतोय, त्याला हातात बटण हवंय, ॲप नको.

शेवटचा आणि सगळ्यात नाजूक भाग म्हणजे सोर्स. नातू स्टिकवर कार्टून बघून उठतो, टीव्ही एचडीएमआय २ वर राहतो, आणि बॉक्स चालू असूनही आजीला 'नो सिग्नल' दिसतं. सोर्सचं बटण शिकवलेलं असतं, पण आजच्या स्मार्ट टीव्हीत ते दाबलं की यादी उघडते आणि यादीतून निवडायला बाण आणि ओके लागतात. ते टीव्हीच्या रिमोटवरचे, शिकवलेल्या चारांत नसलेले. म्हणून सेटअप संपला असं समजण्याआधी हे स्वतः करून बघा. बऱ्याच टीव्हींत सोर्स पुन्हा पुन्हा दाबलं की निवड खाली सरकते आणि दोन-तीन सेकंद थांबलं की आपोआप लागते. तुमच्यात तसं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चालू होताना कुठला इनपुट लागावा हे ठरवता येतं का पाहा आणि तिथे बॉक्सचा इनपुट टाका. मग आजींना एवढंच सांगायचं की चित्र नसेल तर टीव्ही बंद करून पुन्हा चालू करा. दोन्ही नसेल तर बॉक्स एचडीएमआय १ वर आणा, म्हणजे यादीत तो वर येतो, आणि म्यूटसारखं एखादं कमी लागणारं बटण शिकता येत असेल तर त्याच्यावर टीव्हीचं ओके बसवा.

मूळ रिमोट फेकू नका, पुढे सेटिंगला तेच लागतील. सेल काढून एका डब्यात ठेवा, कारण आत विसरलेले सेल गळतात आणि पत्रे खातात. बॉक्सच्या रिमोटवरच्या शिकवलेल्या चार बटणांवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावा, पॉवरला लाल, सोर्सला वेगळा रंग. दिवा मालवून, चष्मा न लावता, हाताने ती सापडतात का ते ज्यांच्यासाठी केलंय त्यांच्याकडूनच तपासून घ्या.